पाणी पिकलं

उरण
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. प्राप्ती,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तू ओळखलं असशील. फोन तू घेत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन नुसता वाजू देता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

दहा महिने झाले तू या घरात आली नाहीस. मधे करंजाच्या धक्क्यावर तुला पाहिल्याचं सोनूआत्यानं सांगितलं. रेवसच्या लाँचमधून उतरलीस आणि रिक्षा करून सरळ बाजाराकडे गेलीस म्हणे. हे सांगताना आत्याचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, तिला काम असेल. कामच असेल ना?

माझं बरं चाललंय. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ, या डायलिसिसच्या चार पिशव्या तुझ्या ओळखीच्याच आहेत. हॉस्पिटलच्या आरोही सिस्टरकडे आपण दोघी बरोबरच शिकलो. आता पिशवी टांगण्याचं काम बाबांनी घेतलंय. हात इतके घासून धुतात की बोटांची सालं निघालीत. तोंडाला मास्क, दार बंद, पंखा बंद. मांजर दाराबाहेर बसून रडतं.

आल्यागेल्याला सगळं समजावून सांगायचं कामही त्यांचंच. परवा मागच्या आळीतला नामा भेटायला आला आणि पोटात नळी घालून पाणी भरतात म्हणजे नक्की काय करतात, असं त्यानं भीत भीत विचारलं. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. "काय न्हाय रे, आपला मिठागरच हाय तो. भरतीला बांधाची उघाडी खोलायची, दोन लिटर पानी पोटात घ्यायचा. चार-पाच तास ठेवायचा. किडनीनं जी घान काढायची, ती सगली त्या पान्यात येतं. मंग ओहोटीला सोडून द्यायचा आन नवा भरायचा." नामा माझ्या पोटाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "वहिनी, मंग मीठ कवा निघतंय?" मी इतकी हसले की नळीला हात लावून बसावं लागलं.

त्या कागदाचं मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू मला किडनी द्यायला निघाली होतीस हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि तुझ्या तपासणीच्या फाइलीत कुणीतरी "डोनर नॉट विलिंग" लिहिलं, म्हणजे देणारी राजी नाही. डॉक्टरांच्या टेबलावर दिवसाला किती फाइली येतात. कुणाचं कुणाच्यात लिहिलं जात असेल. तीन शब्दांवरून आईचं घर सोडायचं का, एवढंच मला विचारायचं आहे.

जावईबापू प्रज्योतला आशीर्वाद. काशीदला थंडीत पाहुणे बरे येत असतील. तुमच्या खोल्या भरलेल्या असू देत.

आई

उरण
रविवार, २६ जानेवारी २०२५

चि. प्राप्ती,

उत्तर आलं नाही, तरी लिहिते. रविवारी पत्र लिहायची सवय मला वयाच्या दहाव्या वर्षापासून आहे. पनवेलच्या हॉस्टेलात चर्चमधला मास झाला की आम्हा साऱ्या मुलींना, कॅथलिक असो नसो, लांब टेबलाशी बसवायचे आणि घरी पत्र लिहायला लावायचे. लिहिलेलं पत्र उघडंच सिस्टर ऑगस्टीनकडे द्यायचं. त्या वाचून पाकीट बंद करत. त्यामुळे पोटात दुखतंय, रात्री रडू येतं, असलं काही आम्ही कधी लिहिलंच नाही. "मी मजेत आहे, प्रगती चांगली आहे, आपल्या तब्येतीस जपावे." माझा बाप मिठागरावर पाट्या वाहायचा, त्याला वाचता येत नव्हतं. तो ते पत्र तलाठ्याकडून वाचून घ्यायचा आणि लेक मजेत आहे म्हणून सगळ्यांना सांगत फिरायचा.

या पिशव्या मी तुझ्या खोलीत करते, हे तुला माहीत आहे. खोके महिन्याला टेम्पोनं येतात आणि तुझ्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून छतापर्यंत जातात. पिशवी टांगायला बाबांनी भिंतीत नवा खिळा ठोकला होता, तो पहिल्याच आठवड्यात निघाला. आता ती तुझ्या पाळण्याच्या कडीला असते. पाणी पोटात उतरत असताना मला वर बघण्यावाचून काही काम नसतं. मी कडीकडे बघते.

बाबांनी मीठ सोडलंय. मला अळणी खावं लागतं, म्हणून. मी म्हटलं, तुमचा बीपी चांगला आहे, तुम्ही कशाला? ज्या माणसानं चाळीस वर्षं मीठ पिकवलं, तो ताटात मीठ वाढू देत नाही. परवा परेशच्या घरी जेवायला गेलो. सुनेनं विसरून जिताड्याच्या कालवणात नेहमीसारखं मीठ घातलं होतं. बाबांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लय खारट हाय." खारट नव्हतं ते. मी जिभेला लावून पाहिलं.

परेशची हळद आठवते का ग तुला? मंडप, बँजो, अंगणात पाचशे माणूस. माझे पाय इतके सुजले होते की मी खुर्चीवरून उठले नव्हते. त्या गर्दीत सोनूआत्या माझ्याकडे आली आणि हळद लावता लावता म्हणाली, "तुला काय गो तुळसा, घरचीच किडनी हाय आता. पोरगी देतं, सांगितलान तिनं सगल्यांना." मग एकेक बाई येऊन तुझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडत होती. सगळ्या म्हणत होत्या, लेक असावी तर अशी.

का आठवलं कोण जाणे. सकाळी आत्या येऊन गेली म्हणून असेल.

प्रज्योतच्या आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? आणि तुझी ती अलिबागची ट्रीटमेंट पुन्हा सुरू केलीस का? तुला चौतीस पूर्ण झाली. विचारू नये, पण विचारते.

आई

उरण
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. प्राप्ती,

आज रविवार नाही. पण बाबा परेशचे कागद स्पीड पोस्टानं टाकायला निघालेत, तेव्हा म्हटलं त्यांच्या हाती चार ओळी द्याव्यात.

एक गंमत सांगते. आज सकाळी सहाचं पाणी सोडलं, तर नेहमीसारखं फिकट पिवळं आलं नाही. पांढरट आलं, तांदळाच्या धुवणासारखं. बाबांनी पिशवी उचलून उजेडात धरली, हलवली आणि त्यांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू. "पानी पिकला गो तुळसा."

तू लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून बांधावर जायचीस, तुला आठवत असेल. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की खाडीचं पाणी वाफ्यात जड व्हायचं, त्यावर पांढरी साय धरायची. ते दिसलं की घरी येऊन म्हणायचे, पिकला. मग आठवड्यात मीठ. आज पंधरा वर्षं तिथे नुसत्या कंटेनरांच्या रांगा आहेत. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला किती बरं वाटलं. त्यांचं म्हणणं, दीड वर्ष पाणी आतबाहेर करतोय, आता कुठे आतलं सगळं सुटून यायला लागलंय. मलाही पटलं.

पोटात थोडं दुखतंय. काल वालाची उसळ खाल्ली, ती बाधली असेल. अंगही कोमट आहे. काळजीचं काही नाही.

बाबा चपला घालून उभे आहेत.

आई

पनवेल, हॉस्पिटल
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्राप्ती,

तू पत्रं वाचतेस.

गुरुवारी दुपारी मी पांघरूण घेऊन पडले होते. आरोही सिस्टरचा फोन आला. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "मावशी, पाणी गढूळ येतंय का?" मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, "काशीदहून फोन होता. तुमच्या पत्राचा फोटो आलाय मला, खाली रेघ मारून. मॅडम रडत होत्या की मला ओरडत होत्या, काही कळलं नाही. पिशवी फेकू नका, बरोबर घ्या आणि आत्ताच्या आत्ता निघा." परेशनं गाडी काढली. जासईच्या पुढे ट्रेलरची रांग होती, तिथे मला थंडी वाजायला लागली, एवढंच आठवतं.

पोटात इन्फेक्शन झालंय. त्या पिशव्यांतूनच आता औषध आत सोडतात. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच मला जड गेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की मंगळवारपर्यंत वाट पाहायची. तोवर पाणी निवळलं तर ठीक, नाहीतर नळी काढून टाकावी लागेल. मग आठवड्यातून तीनदा इथे यायचं, दंडात सुया, चार चार तास मशीनला बांधून पडायचं. घरचं हे सगळं संपलं. तुझी खोली, सहाची पिशवी, बाबांचं हात धुणं.

बाबा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसलेत. खुर्ची दिली तरी बसत नाहीत. परेशनं त्यांना काही सुनावलं असावं. काल मला म्हणाले, "मी मिठागरवाला मानूस, माजी अक्कल तेवरीच. माज्यामुलं झाला ह्या सगला." मी हात धरला तर सोडवून घेतला.

आता तुला खरं सांगते, त्यांनाही सांगितलं. चूक त्यांची नाही. आरोहीनं आपल्याला काय शिकवलं होतं? सुटलेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवायची. अक्षर वाचता आलं तर पाणी चांगलं, वाचता आलं नाही तर त्या क्षणी फोन. तुझ्या कपाटात इतकी पुस्तकं आहेत. मंगळवारी मी त्यातलं एकही पान काढलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. मला ठाऊक होतं की अक्षर दिसणार नाही. त्यांचा चेहरा इतका फुलला होता ग. तो शब्द त्यांच्या तोंडून गेला की ते पुन्हा म्हातारे होणार होते, आणि मी आजारी. म्हणून मी तीन दिवस मजेत राहिले.

औषधाची वेळ झाली. नर्स येतेय.

आई

पनवेल, हॉस्पिटल
बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५

प्राप्ती,

काल दुपारी पाणी निवळलं. नर्सनं पिशवीखाली पेपर धरला आणि मला वाचायला लावलं. आधी मथळा, मग खालची बारीक बातमीसुद्धा. कुठल्या तरी पुलाची बातमी होती. मी ती शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचली आणि शेजारच्या बेडवरची बाई टाळ्या वाजवायला लागली. नळी राहणार. औषध आणखी दोन आठवडे, मग घरचं घरी पूर्वीसारखं.

त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, प्रज्योत येऊन गेला. स्टीलचा डबा पुढे केला. "आई, दहा अंड्यांचं पांढरं आहे, मीठ नाही. पिवळं मी खाल्लं, त्यामुळे आता मलाही इथेच भरती करा." मी म्हटलं, काशीदहून येताना शहाळं नाही का आणलंस? तर म्हणाला, "आणणार होतो. तिनं गाडीतून काढून ठेवायला लावलं, म्हणाली त्यात पोटॅशियम असतं." मी विचारलं, गाडीतून म्हणजे? त्यानं डब्याचं झाकण लावलं. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "खाली बसली आहे. वर येत नाही म्हणते. मी काही बोललो नाही, आई. मला नसत्या भानगडीत घालू नका."

मी खिडकीपर्यंत जाऊ शकत नव्हते, औषधाचं पाणी पोटात होतं. पण तू दीड तास खाली उन्हात गाडीत बसलीस. मी वर पडून होते. आपल्यामध्ये तीन जिने होते आणि मधे तो कागद.

तो कागद डॉक्टरांच्या चुकीनं झाला नाही. तो मी लिहवून घेतला.

सांगते. पूर्ण सांगते. इथे सिस्टर ऑगस्टीन नाहीत.

तुझ्या तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, परेशला साखर निघाल्यामुळे तो बाद झाला होता आणि तू एकटीच उरली होतीस. डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, तू हो म्हणालीस. त्याच आठवड्यात मी तुझ्याकडे काशीदला आले होते. तुझ्या फ्रिजच्या दारात तुझी इंजेक्शनं असायची, मुलासाठीची. मी लिंबू घ्यायला फ्रिज उघडला, तर ती जागा रिकामी. तिथे पाहुण्यांसाठी जॅमची बाटली होती. मी विचारलं, तू म्हणालीस, "ते आता राहू दे आई, ऑपरेशननंतर दोन वर्षं तसंही काही करता येणार नाही. पुढचं पुढे बघू." आणि तू लगेच पाहुण्यांना चहा द्यायला निघून गेलीस. आठ वर्षं तुम्ही दोघांनी त्या मुलासाठी काय काय केलं, ते मला माहीत होतं. त्या रिकाम्या कप्प्याकडे मी बघत राहिले.

पुढच्या मंगळवारी, डोळे तपासायचे आहेत असं बाबांना सांगून मी एकटी एसटीनं पनवेलला आले. डॉक्टरीणबाईंसमोर बसले आणि म्हटलं, "शी इज नॉट विलिंग, डॉक्टर. शी सेज येस ओन्ली फॉर अवर सेक." इंग्रजीत म्हटलं. मराठीत मला ते बोलता आलं नसतं ग, जीभ वळली नसती. कॉन्व्हेंटचं इंग्रजी इतकं स्वच्छ असतं की त्यात खोटंसुद्धा खरं वाटतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. देणाऱ्यावर घरच्यांचा दबाव असू नये म्हणून त्या जपतात. तुला नको असेल तर तुला ते तोंडानं म्हणावं लागू नये, म्हणून त्यांनी तुला फक्त रिपोर्ट जुळत नाहीत असं सांगितलं. त्या तुझ्याशी चांगलंच वागल्या. फाइलीत त्यांनी माझेच शब्द लिहिले.

हे एवढंच असतं तर मी आज मान वर करून सांगितलं असतं की आई म्हणून केलं. पण तेवढंच नव्हतं. मला तुझा राग आला होता. माझ्या पोटात कुणाची किडनी बसणार, हे मला हळदीच्या मंडपात सोनूआत्याकडून कळलं. तू आधी माझ्याजवळ येऊन बसली नाहीस. आई, मी देऊ का, घेशील का, असं विचारलं नाहीस. पाचशे माणसांत तू थोर झालीस आणि मी खुर्चीवर बसलेली, पाय सुजलेली, घेणारी. तू मला विचारलं नाहीस, म्हणून मीही तुला न विचारता ते मोडलं.

आणि मागच्या मार्चमध्ये तू ट्रीटमेंटसाठी स्वतःचे जुने रिपोर्ट घ्यायला गेलीस, फाइलीत ते तीन शब्द वाचलेस आणि थेट घरी आलीस. स्वयंपाकघरात उभी राहून एकच प्रश्न विचारलास, "आई, मी नाही कधी म्हटलं?" तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. बाबा होते, परेश होता. मी म्हटलं, "डॉक्टर घाईत काहीही लिहितात." तुझा चेहरा मला दिसत होता. आईसाठी नाही म्हणाली असेल आणि आता कांगावा करतेय, असं परेशच्या मनात आलेलंही मला दिसलं. तरी मी गप्प राहिले. पहिलं खोटं तुझ्यासाठी थोडंफार तरी होतं. हे दुसरं फक्त माझ्यासाठी होतं.

क्षमा माग असं सिस्टर शिकवायच्या, कशी मागायची ते मात्र कधी जमलं नाही. हे पत्र मी बाबांना वाचून दाखवणार आहे. मग परेशला. मग टाकणार आहे.

आई

उरण
गुरुवार, ६ मार्च २०२५

प्राप्ती,

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरीला खोटी पारलीस गो तू." बेचाळीस वर्षांत मला इतकं कडक कधी बोलले नव्हते. दोन दिवस पिशव्या टांगल्या, हात धुतले, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताटावर बसून म्हणाले, "तो कागद सुधरून घ्यायचा. मी येतंय संगती."

परेशनं ऐकलं. उठून बाहेर गेला. त्यानं तुला फोन केला की नाही, ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काल तपासणीला गेलो होतो. पोट चांगलं आहे, औषध संपलं. आरोही सिस्टरनं मला पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला लावलं, नवशिकीसारखं, आणि बाबांनाही. पाणी पांढरं आलं तर काय म्हणायचं, असं तिनं बाबांना विचारलं. ते म्हणाले, "काय न्हाय म्हनायचा. फोन करायचा." ती हसली. ते हसले नाहीत.

मग मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मला एक चूक दुरुस्त करायची आहे, तुमची नाही, माझी. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या, आणि रागावायलाच हव्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या मुलीशी मी खोटं बोलले, तुमच्या भरवशावर." मी मान खाली घातली. नंतर त्यांनी जुनी फाइल मागवली आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी विचारलं, इंग्रजीत लिहू? त्या म्हणाल्या, "तुम्ही मराठीतच लिहा."

मी लिहिलं. माझी मुलगी प्राप्ती प्रज्योत हिने स्वतःची किडनी मला देण्याची तयारी स्वखुशीने दाखवली होती. तिने कधीही नकार दिला नव्हता. तो नकार मी तिला न विचारता, तिच्या नावाने दिला. खाली सही केली, बाबांनी साक्षीदार म्हणून केली. त्यांना सही करताना वेळ लागतो हे तुला माहीत आहे, डॉक्टरीणबाई थांबल्या. कागद फाइलीत लागला, त्या पानाच्या बरोबर वर. फोटोकॉपी सोबत पाठवते आहे. ती तुझी आहे, तुला हवं त्याला दाखव. सोनूआत्याला मी दाखवली. तिला आनंद झाला नाही, हे पाहून मला तिच्याबद्दल जरा बरं वाटलं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग आता? तुमच्या मुलीची अजून तयारी आहे का?"

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, तयारच होतं. नाही, तिला मूल हवंय, मी पिशव्यांवर मजेत आहे, असं सगळं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "ते तिचं तिलाच विचारावं लागेल."

"आणि तुमची?" त्या म्हणाल्या. "तिनं दिली तर तुम्ही घ्याल का?"

हा प्रश्न मला दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, मला माहीत नाही. आणि खरंच माहीत नाही, प्राप्ती. कधी वाटतं, हो. उरलेली वर्षं मोकळ्या पोटानं जगावीत. कधी वाटतं, तुझ्या अंगातलं काही कापून घेण्यापेक्षा कडीकडे बघत पडणं सोपं. आणि तुला ती ट्रीटमेंट पुन्हा सुरू करायची असेल, तर हा प्रश्नच मिटवून टाक. मी तुझ्या वतीनं त्यावर एक अक्षर बोलणार नाही. पण तुला विचारायचं असेल, तर ते मला विचार, समोर बसून. मी समोर बसून उत्तर देईन, हो असो की नाही, आणि मराठीत.

होळीच्या आधी मधल्या वारी तुमच्या खोल्या रिकाम्या असतात, असं प्रज्योत म्हणाला होता. मला एक खोली हवी आहे, येत्या बुधवारी. दार घट्ट लागणारी, पंखा बंद करता येणारी, पिशवी टांगायला काहीतरी असलेली. मांजर नको. सकाळची सहाची पिशवी घरी करून आम्ही करंजाहून साडेसातच्या लाँचनं निघू. अकराची मला तुझ्याकडे करायची आहे. दोन पिशव्या आणि गरम करायचा पट्टा बाबा घेऊन येतील, तू काही आणायचं नाही.

खोली मिळेल की नाही, ते कळव. प्रज्योतच्या हाती नको, परेशकडून नको. नाही म्हणायचं असलं तरी तूच म्हण. या वेळी मी ते तुझ्याच तोंडून ऐकणार आहे.

आई